सहा नंबरचा हौद

आमच्या कारखान्यात आक्काच्या तोंडून दिवसभरात दोनच शब्द बाहेर पडायचे. एक ‘अजून’ आणि दुसरा ‘झालं’. बाकीचं सगळं बोलायला मी होते. तिथे मला नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही, सगळे ‘रेडिओ’च म्हणायचे. एका रेडिओची आणि एका मुक्या बाईची बावीस वर्षं गट्टी कशी जमली, असं लोक विचारत. जमली, कारण तिला ऐकायचा कंटाळा नव्हता आणि मला उत्तराची गरज नव्हती.

कारखाना म्हणायचा आपला. खरं तर ते एक जुनं गोदाम. खाली चार खोल्या, वर दोन. मिठाच्या खोलीत लिंबं आणि मासे. आंबवणाच्या खोलीत कोबीची पिंपं आणि सोयाबीनचा काळा लगदा, ज्याचा वास नवी बाई पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून घ्यायची आणि पंधराव्या दिवशी तिला येईनासा व्हायचा. तिसरी पाण्याची खोली. चौथी माझी, बरण्या भरायची. दूरदूरच्या देशांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या जे खात आले ते आम्ही इथे करायचो आणि मोठ्या दुकानांना, हॉटेलांना पाठवायचो. ती माणसं आम्ही कधी पाहिली नाहीत. त्यांच्या आज्यांनी शोधलेलं खाणं आमच्या हातांनी जायचं आणि आमच्या डब्यात मात्र आदल्या दिवसाची भाजी आणि पाव. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाण्याची खोली आक्काची. जे तसंच खाता येत नाही ते सगळं तिच्याकडे यायचं. हिरवी ऑलिव्हं, कसाव्याची, म्हणजे साबुदाण्याच्या झाडाची मुळं आणि सगळ्यात जास्त म्हणजे लुपिन. लुपिन हे एक कडधान्य. पिवळा, चपटा, अंगठ्याच्या नखाएवढा दाणा. रात्रभर भिजवायचा, उकडायचा आणि मग हौदात टाकून रोज दोनदा पाणी बदलायचं. सहा दिवस, सात दिवस, थंडी असेल तर दहा. तेव्हा कुठे त्याचा कडूपणा जातो. मग मिठाच्या पाण्यात घालून माझ्याकडे. लोक म्हणे तो साल काढून चाळा म्हणून खातात, गप्पा मारता मारता.

हा कडूपणा नुसता कडूपणा नव्हे. त्यात विष असतं. नीट न धुतलेला दाणा मूठभर पोटात गेला तर तोंड कोरडं पडतं, डोळ्यांपुढे धुकं येतं. जास्त गेला तर माणूस भ्रमिष्टासारखं करतो, हृदयाची चाल बिघडते. पण आम्हाला त्याची भीती नव्हती. कारण पहिला दाणा जिभेला लागला की कुणीही थुंकणार. दोन दाणे कुणाच्या घशाखाली उतरणारच नाहीत. विष ठेवणाऱ्यानं शेजारी राखणदारही बसवलाय, असं मी नव्या बायकांना मोठ्या ऐटीत सांगायचे.

हौदातला कडूपणा गेला की नाही हे सांगणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. आक्काची जीभ होती. पाचव्या दिवसापासून ती हात कोपरापर्यंत पाण्यात घालायची, तळातला एक दाणा उचलायची, पुढच्या दातांनी फोडायची आणि जिभेच्या पार मागे न्यायची. डोळे मिटायचे. मग म्हणायची, ‘अजून.’ तिनं ‘झालं’ म्हणेपर्यंत हौदातला दाणा कुणी तोंडात घालायचा नाही आणि हौद रिकामा करायचा नाही, हा नियम होता. मालकीणबाईसुद्धा तो मोडत नसे.

ती जीभ सांभाळण्यासाठी आक्कानं एकतीस वर्षं जे सोसलं, त्यातली बावीस मी पाहिलीत. चहा नाही. कांदा नाही, मिरची नाही, लोणचं नाही, साखर नाही. उकडलेला बटाटा, दूध, पाव. बस. तिचा नवरा शिंपी होता, आम्ही सगळ्या त्याला टेलरकाका म्हणायचो. तो बोलका, गमत्या. म्हणायचा, “लग्न ठरलं तेव्हा वाटलं, बायको खाण्याच्या कारखान्यात आहे, आता आपली पाची बोटं तुपात. आणि पदरात काय पडलं? बटाटा!” त्याला वेगळं करून खायला कुणी अडवलं नव्हतं. पण बायको कोरडा बटाटा खातेय आणि आपण समोर बसून मिटक्या मारायच्या, हे त्याला जमलं नाही. तोही तेच खायचा. एक तंबाखूची चिमूट तेवढी होती, चाळीस वर्षांची.

ती दोघं वरच्या दोन खोल्यांत राहायची. त्या खोल्या कामाबरोबर मिळालेल्या. पाण्याच्या खोलीत जी असेल तिनं वर राहायचं, कारण रात्रीचं पाणी पहाटे बदलावं लागतं. काम गेलं की खोल्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. टेलरकाकाचं हृदय कमजोर झालेलं, हात कापायला लागले तशी शिलाई सुटली. मशीन खिडकीपाशी कापड झाकून ठेवलेलं. चार पायऱ्या चढला की पाचवीवर बसायचा.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आक्काला ताप आला. आठ दिवस झोपून होती. उठली, कामावर आली, आणि तेव्हापासून तिचे हौद लांबायला लागले. सहा दिवसांत होणारा माल दहा दिवस झाले तरी ‘अजून’. उन्हाळ्यात इतकं ठेवलं की दाणा बुळबुळीत होतो. दोन हौद फेकून द्यावे लागले. मालकीणबाई काही बोलली नाही, पण दारात उभी राहून बघायला लागली.

मला वाटलं, म्हातारी फार काटेकोर झालीय, जरा गंमत करावी. त्याच सकाळी उकडलेल्या लुपिनातला एक दाणा मी तळव्यावर ठेवून तिच्यापुढे धरला. “आक्का, चार नंबरमधला आणलाय, सांगा बरं.” तिनं तो फोडला, मागे नेला, डोळे मिटले. मी तिच्या तोंडाकडे बघत हसू दाबून उभी. आता थुंकेल आणि मला पाण्यानं भिजवेल. ती सावकाश चावत राहिली, गिळला, आणि म्हणाली, “झालं.”

माझं हसू जागच्या जागी विरलं.

“आक्का, हा आज उकडलेला होता.”

तापानं तिची चव नेली होती, आणि कळेना म्हणून ती इतके दिवस ‘अजून’ म्हणत होती. ती म्हणाली, “दार लाव.” मी लावलं.

“कुणाला बोललीस?”

“कुणाला बोलणार? आत्ता तुमच्यासमोरच तर झालं.”

“बोलू नकोस.” तिचा ओला हात माझ्या मनगटावर होता. “त्यांना घेऊन मी कुठे जाऊ? चार पायऱ्या चढवत नाहीत त्यांना. या वयात कोण खोली देणार आम्हाला?”

बावीस वर्षांत तिनं माझ्याशी केलेलं हे सर्वांत मोठं भाषण. मी म्हटलं, “मी बघते ना चव. मी काय मेलेय?” तर म्हणाली, “तुझ्या जिभेला सकाळपासून चहा, कांदा, मिरची. तू म्हणशील झालं, आणि लोक आजारी पडतील. शिवाय तू हौदाशी दिसलीस की बाईंना कळेल.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “ते बघतील. तीस वर्षं माझ्याबरोबर बटाटाच खाल्लाय त्यांनी.”

तंबाखूवाल्याची जीभ कसली, हे माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला सांगू? आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कळलं की टेलरकाकानं तंबाखूची पिशवी स्वतः शेगडीत टाकली. चाळीस वर्षांची सवय एका दुपारी सोडली. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मनातली शंका तशीच विरघळून गेली.

आक्का संध्याकाळी रुमालात पाच दाणे बांधून वर न्यायची. आठवडाभर तसं चाललं. मग एक दिवस चारच्या सुमारास टेलरकाका कठड्याला धरून धरून खाली आला, माझ्या खोलीच्या मागच्या दाराशी.

“रेडिओ, एक काम कर. तुझी आक्का मला पाच दाणे आणून देते. पाच दाण्यांवरून हौद कळतो होय? कापड घेताना आपण टोक बघतो, मध्य बघतो, उलटं करून बघतो. मला वरचे, तळाचे, मधले असे वाडगाभर देत जा.”

“आक्कांना सांगू?”

“तिला कशाला? तिला वाटेल माझा भरवसा नाही तिच्या पाचांवर. बायकोचा स्वभाव तुला माहीत आहे.”

मला ते पटलं. नियम होता, पण तो नियम आमच्यासाठी. तो तर आता चव बघणाराच होता. माझ्याकडे एक निळा एनॅमलचा वाडगा होता, कडेला टवका उडालेला. त्यात झाऱ्यानं भरून मी त्याला द्यायला लागले. तो मागच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसायचा. एकेक दाणा दोन बोटांत दाबून सालीतून बाहेर काढायचा, साल कोटाच्या खिशात, दाणा तोंडात. शिंप्याचा हात, कापत असला तरी सफाईदार. सगळा वाडगा संपवायचा.

“काका, चव बघताय की जेवताय?” मी विचारायचे.

“दोन्ही. तीस वर्षं बटाटा खाल्लाय गं, जेवू दे मला.”

आम्ही दोघं हसायचो. देवाशपथ सांगते, मी हसायचे.

तो आपला निकाल लगेच कधी देत नसे. सकाळी उठल्यावर आक्काला सांगायचा. आक्का मला म्हणाली होती, “शिंपी आहेत ना. मोजल्यावर एक रात्र जाऊ देतात, मग कापतात.” आणि निकाल चुकला नाही. तो ‘अजून’ म्हणाला की हौद थांबायचा, ‘झालं’ म्हणाला की माझ्याकडे यायचा, आणि तेव्हा मी स्वतः एखादा दाणा खाऊन पाहायचे. कडूपणाचं नाव नसायचं. दुकानांकडून एक तक्रार नाही. मालकीणबाई दारात उभी राहायची थांबली. एकदा तर म्हणाली, “आक्का, तुमची जीभ म्हातारपणी आणखी तरुण झाली.” आक्का मान खाली घालून पाणी ढवळत राहिली.

सात महिने असे गेले. या सात महिन्यांत टेलरकाका उतरत चालला. सतत पाणी मागायचा. खिडकीतला उजेड सहन होत नाही म्हणून मशीनवरचं कापड काढून खिडकीला लावलं. चौकटीला धडकायचा. एकदा कोटाची बटणं सापडेनात, आणि ती त्याच्या हातातच होती. मी म्हटलं, “काका, चष्मा बदला आता.” आक्का म्हणाली, वय झालं. आम्ही दोघीही वयावर ढकलून मोकळ्या झालो. विषाच्या हौदांत आयुष्य काढलेल्या दोन बायका, आणि तोंड कोरडं पडलेला माणूस आमच्यासमोर पाणी मागत होता.

मग थंडी आली. नळाचं पाणी हाताला चावायला लागलं. त्यातच मालकीणबाईनं नव्या व्यापाऱ्याकडून माल घेतला, दाणा नेहमीपेक्षा दीडपट मोठा. एका हॉटेलवाल्याची मोठी मागणी होती आणि सहा नंबरचा हौद सातव्या दिवशी न्यायला ट्रक येणार होता. सहाव्या दिवशी मालकीणबाईनं विचारलं तेव्हा आक्कानं नेहमीसारखा एक दाणा तोंडात घालून नाटक केलं आणि म्हणाली, “उद्या सकाळी सांगते.”

चार वाजता मी वाडगा भरला. काकानं तो संपवला, थोडा वेळ बसला, मग परत आला. “आणखी अर्धा दे. मोठा दाणा आहे, काही कळत नाहीये.”

“बकासुर झालात की काका!” मी म्हटलं आणि अर्धा वाडगा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकातून आत शिरते तो आक्का समोर. अंगात कामाचा झगा नाही, पायांत चपला नाहीत. नुसती माझा हात धरून वर घेऊन गेली. टेलरकाका पलंगावर बसलेला होता. हवेतून दोरा ओढत होता. चिमटीत धरायचा, ओठांजवळ नेऊन ओला करायचा प्रयत्न करायचा, पण तोंडात थुंकीच नव्हती, आणि मग नसलेल्या सुईत ओवायचा. परत ओढायचा. डोळ्यांत नुसत्या काळ्या बाहुल्या, कडेला रंगाची रेघसुद्धा राहिलेली नव्हती. त्यानं मला ओळखलं नाही.

टेम्पोत घालून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विजेरी डोळ्यांवर धरली, जीभ बघितली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला.

“काय खाल्लं यांनी? कुठलं औषध, कुठली मुळी, पाला?”

“बटाटा,” आक्का म्हणाली. “दूध. मी खाते तेच.”

“नीट आठवा. हे काहीतरी पोटात गेल्याशिवाय होत नाही.”

आक्का नुसती मान हलवत होती. मी भिंतीला टेकून उभी होते.  शेवटी मी म्हटलं, “लुपिन खाल्लेत. काल. दीड वाडगा. हौदातले.”

आक्का माझ्याकडे वळली. “वाडगा? सहा नंबरमधला? कसा खातील वाडगा? पहिल्या दाण्यालाच...” आणि तिथे ती थांबली.

डॉक्टरनं शांतपणे विचारलं, “यांना चव कळते का?”

 उत्तर आमच्या दोघींच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चाळीस वर्षांच्या तंबाखूनं त्याची जीभ केव्हाच मारली होती. पाच दाण्यांतून त्याला काहीही कळलं नव्हतं, पहिल्या दिवसापासून. पण बायकोला नाही कसं म्हणणार? म्हणून त्यानं दुसरी रीत काढली. वाडगाभर खायचं आणि वाट बघायची. तोंड कोरडं पडलं, डोळ्यांपुढे धुकं आलं, की सकाळी ‘अजून’. काही झालं नाही, की ‘झालं’. जिभेनं नाही तर अंगानं. म्हणून निकाल सकाळी यायचा. म्हणून तो कधी चुकला नाही.

त्यांनी त्याला आत नेलं, नळ्या लावल्या. दहाच्या सुमाराला आम्हाला पलंगाजवळ सोडलं. तो दोरा ओढतच होता. आक्कानं त्याचा हात धरला तसा थांबला, तिच्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, देव जाणे. कोरडी जीभ टाळूला चिकटत होती, एकेक अक्षर सोडवून घ्यावं लागत होतं.

“सहा नंबर,” तो म्हणाला. “अजून.”

आक्का मला म्हणाली, “जा. ट्रक थांबव.”

“तुम्हाला एकटं टाकून?”

“जा म्हणते ना.”

मी बसनं गेले. ट्रक फाटकाशी उभा, मालकीणबाई घड्याळ बघतेय, दोन बायका झारे घेऊन सहा नंबरपाशी तयार. मी ओरडले, “थांबा! अजून आहे!” मालकीणबाई म्हणाली, “आक्का कुठे आहे? तिनं बघितलं का?” मी म्हटलं, “बघितलं.” ती चडफडली, पण तिनं ट्रक परत पाठवला.

सगळ्या पांगल्यावर मी हात पाण्यात घातला आणि तळातला एक दाणा तोंडात टाकला. दात लागताक्षणी अंग शहारलं. घशापासून कानापर्यंत सगळं कडू झालं. मी थुंकले, चूळ भरली, परत थुंकले, तरी जाईना. आणि मी त्याला दीड वाडगा दिला होता. बकासुर म्हणाले होते.

मी परत पोचले तेव्हा आक्का बाहेरच्या बाकावर बसलेली होती. मांडीवर त्याचा कोट. खिसा उलटा केलेला आणि पदरात वाळक्या सालींचा ढीग. टेलरकाका दुपारी बारा वाजता गेला होता. मी बसमध्ये असताना.

“एकही थुंकला नाही?” तिनं विचारलं.

“नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही, आक्का.”

तिनं साली परत खिशात भरल्या, एकसुद्धा खाली पडू दिली नाही.

चौथ्या दिवशी ती कामावर आली. मला वाटलं होतं, आता ती स्वतःच मालकीणबाईला सांगेल. सांगितलं नाही. आता कुणासाठी लपवायचं, असं मला वाटलं. पण वर त्याचं मशीन होतं, त्याचा पलंग होता, ती खिडकी होती. मी विचारलं नाही. तो विषय काढायची माझी हिंमत नव्हती. हौद मात्र वेळेवर होत होते. ‘उद्या सकाळी सांगते’ म्हणायची आणि सकाळी सांगायची. माल माझ्याकडे यायचा, मी दाणा खाऊन पाहायचे, बरोबर असायचा. मला वाटलं, जीभ परत आली असेल. ताप गेल्यावर येते म्हणतात कुणाकुणाची. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

तीन आठवड्यांनी, बरण्यांची झाकणं आणायला म्हणून मी मागच्या बाजूला गेले. चार वाजले असतील. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर आक्का बसली होती. मांडीवर माझा निळा वाडगा. दाणा दाबत होती, साल खिशात, दाणा तोंडात. शांतपणे, चेहऱ्यावर काहीही नाही. खिसा त्याच्याच कोटाचा होता. तिनं तो अंगात घातला होता.

मी धावत जाऊन वाडग्याला हात मारला. दाणे सगळ्या पायऱ्यांवरून खाली घरंगळले.

ती ओरडली नाही. गुडघ्यांवर बसून ते वेचायला लागली. “तीन नंबरचे आहेत. सकाळी सांगायचंय मला.”

“मराल तुम्ही!”

“बरोबर कळतं गं,” ती म्हणाली. तोंड कोरडं पडलेलं आवाजावरून कळत होतं. “थोडा वेळ बसलं की बरोबर कळतं. सात महिने ते एकदाही चुकले नाहीत. बघितलंस ना?” आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. नवऱ्यानं शिवलेला कोट कुणाला दाखवावा तसा.

मी तिथून तडक मालकीणबाईच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोलले. ताप, रुमाल, वाडगा, दवाखाना, जिना. माझा हात कुठे कुठे होता तेही सांगितलं. मालकीणबाई वाईट बाई नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. सात महिन्यांत आपल्या नावानं काय काय बाहेर गेलं असतं, ते तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. तिनं आक्काला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत राहा. आक्कानं नुसती मान हलवली. दुसऱ्या गावात तिची एक विधवा बहीण होती, तिथे जायचं ठरलं.

मग मालकीणबाई मला म्हणाली, पाण्याची खोली तू घे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, “तुला त्या दाण्यांची भीती बसलीय. मला तशीच बाई हवी आहे. तू नाही घेतलीस तर दुसरी येईल, आणि तिला काही माहीत नसेल.” मी हो म्हटलं. खोल्या कामाबरोबरच येतात. तेही मी माहीत असून हो म्हटलं.

आक्का निघाली त्या दिवशी दोन माणसांनी मशीन जिन्यावरून उतरवलं. तिच्याकडे दोन बोचकी आणि अंगात तो कोट. महिनाभर ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि मला वाटत होतं की हे नेहमीचंच आहे, ती कुठे कधी बोलते. टेम्पो सुरू झाल्यावर ती माझ्यापुढे आली आणि वरच्या खोल्यांची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“रेडिओ,” ती म्हणाली, “वाडगा भरत होतीस तेव्हा वाजायचं होतंस.”

टेम्पो गेला. मी किल्ली घेऊन वर गेले. खिडकीला मशीनचं कापड अजून तसंच बांधलेलं होतं. त्या संध्याकाळी मी दोन बटाटे उकडले आणि मिठाशिवाय खाल्ले.